जोडणीतला हात

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर काळोख असतो. घाबरू नका, दिवे गेलेले नाहीत. ही खोली बांधलीच होती काळोखासाठी. फोटो स्टुडिओच्या मागच्या अंगाची, बिनखिडकीची, दाराला आतून काळं कापड ठोकलेली. एके काळी इथे निगेटिव्ह धुतल्या जायच्या. कोपऱ्यात ते सिंक अजून आहे, रसायनांनी तपकिरी पडलेलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणलेली आहे आणि तिला चार-दोन चिमटे लटकून आहेत, नाटक संपल्यावरही घरी जायचं नाव न घेणाऱ्या प्रेक्षकांसारखे. छताला लाल दिवा आहे. तो आता कुणी लावत नाही.

खट्ट. साधी पांढरी नळी दोनदा डोळे मिचकावते आणि पेटते. भिंतीला लागून चार जुने कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे दोन लांब बाकं, आणि एका बाकाच्या टोकाला पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. केस घट्ट मागे बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या काही करत नाहीत. वाट पाहताहेत असंही नाही. खुंटीला छत्री अडकवावी तशा बसून आहेत.

बाहेर पावलं वाजतात. पलीकडच्या गल्लीतल्या बालगृहाची मुलं आली. रस्त्याने ती दोन-दोनच्या रांगेत येतात, सगळ्यांत बुटकं पुढे, सगळ्यांत उंच शेवटी. कुणी सांगावं लागत नाही. जेवायला, दात घासायला, डॉक्टरला जीभ दाखवायला, सगळीकडे त्यांचा तोच क्रम. खोलीत शिरून बाकावर बसतात तीही तशीच, जिन्याच्या पायऱ्या मांडाव्यात तशी.

"बाई, आलो," पुढचा बुटका म्हणतो.

"बरं," बाई म्हणतात.

या एका शब्दावरून मुलांनी त्यांचं नाव पाडलं होतं: बरंबाई. रंगभूमीवर 'बरं' वीस तऱ्हांनी म्हणता येतं. होकार देताना, धमकी देताना, लाजताना, सासूचं ऐकून घेताना आणि ऐकल्यासारखं करून सोडून देताना. बरंबाईंकडे एकच होतं. पगार वाढला, बरं. पंखा बंद पडला, बरं. वर नाही, खाली नाही, टेबलावरून हात फिरवावा तसं सपाट.

त्या नेहमीच अशा नव्हत्या. वेणी घालायच्या वयात त्या या स्टुडिओत टचिंगला लागल्या. तेव्हा टचिंग म्हणजे शिसपेन्सिल. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा, आणि सुईसारखं टोक काढून चेहऱ्यावरचे डाग भरायचे. थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, त्यांना एकच नियम शिकवला: पुटकुळी काढायची, तीळ ठेवायचा. पुटकुळी म्हणजे पाहुणी, आज आहे उद्या नाही. तीळ माणसाचा स्वतःचा, त्याला आपण हात लावायचा नाही. पुढे पेन्सिल गेली आणि कॉम्प्युटर आला. बाकीचे टचिंगवाले घरी बसले. बाईंनी आठवडाभर माउसला शिव्या घातल्या आणि मग त्याला माफ करून टाकलं.

पण त्यांचं नाव झालं ते जोडणीत. जोडणी म्हणजे फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत आणून उभं करणं. परमुलखातला जावई, रुसून न आलेली आत्या, आणि सगळ्यांत जास्त, मेलेली माणसं. लेकीच्या लग्नाच्या फोटोत बाप हवा असतो आणि बाप आदल्या वर्षीच निघून गेलेला असतो. लोक त्याचा कुठला तरी जुना फोटो घेऊन येत आणि चोरट्या आवाजात विचारत, "बाई, थोडं हसवता येईल का हो त्यांना? जिवंतपणी काही जमलं नाही त्यांना."

"हसवू की," बाई म्हणत. "आता त्यांना काय कामधंदा आहे?"

आणि लोक रडता रडता हसत.

उलटं कामही येई. एका गिऱ्हाइकाचं साडूशी वाकडं आलं. साडूला फोटोतून काढायचं होतं. घाईत बाईंनी साडू काढला, पण गिऱ्हाइकाच्या बायकोच्या खांद्यावरचा त्याचा हात तसाच राहिला. गिऱ्हाईक भांडायला आलं. "बाई, माणूस गेला, पण हात ठेवून गेला!"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "भांडण मिटलं की परत जोडायला सोपं जाईल."

भांडण मिटलं नाही. तो हात अजून गिऱ्हाइकाच्या भिंतीवर आहे.

मग बाईंची लेक गेली. कॉलेजात होती, एकुलती एक. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आणली नाही. लोक म्हणाले, बाई रडल्या नाहीत, आता खचतील. त्या खचल्याही नाहीत. दातांचा डॉक्टर गालात सुई टोचतो, त्यानंतर गाल असतो ना, आपलाच, पण बोटाने चाचपला तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं. सुई टोचणारा तेवढा निघून गेला आणि बधिरपणा उतरायचा राहिला. थोड्याच दिवसांनी त्या कामावर आल्या आणि एका नवरीच्या हनुवटीवरची पुटकुळी काढू लागल्या. समोर कुणी रडलं तर पाण्याचा पेला पुढे सरकवत. चहा उकळता असो की गार, सारखाच पीत. आणि सगळ्याला 'बरं'.

घरी त्यांचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचं छोटंसं दुकान, आणि तोंड अखंड चालू. पूर्वी घरात तिघं बोलत होती. आता तिघांचं बोलणं ते एकटेच बोलत.

बालगृहाच्या वॉर्डनबाई एकदा मुलांचे ओळखपत्राचे फोटो काढायला आल्या होत्या. मागच्या खोलीत झाकून ठेवलेले कॉम्प्युटर पाहून त्यांनी मालकांना गळ घातली. मुलांना हातात काही कला द्या, मोठी झाली की आमच्या दारातून बाहेर पडतात आणि कुठे जातात पत्ता लागत नाही. मालक मनाने हळवा माणूस, फक्त ते कुणाला कळू नये म्हणून ओरडून बोलायचा. "बाई!" ते ओरडले. "उद्यापासून दुपारी पोरांना शिकवायचं!"

"बरं."

असा वर्ग सुरू झाला. बाई शिकवत त्यात लाडीगोडी नव्हती. लेयर म्हणजे काय, तर काचांची चळत; प्रत्येक काचेवर एकेक गोष्ट, वरून पाहिलं की एक चित्र. मुलांनी पोस्टरं केली, हलती चित्रं केली. बुटक्याने स्वतःला अकरा वेळा जोडून आख्खा फुटबॉल संघ उभा केला. दोघींनी वॉर्डनबाईंचं डोकं जिराफाच्या मानेवर बसवलं आणि नेमक्या त्याच वेळी बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मान लांब केलीत," बाई म्हणाल्या, "सावली कोण लांब करणार?"

बालगृहात माया करायला पुष्कळ लोक येत. डोक्यावरून हात फिरवत, फोटो काढून घेत, आणि परत येत नसत. बरंबाई मायेचं अक्षर बोलत नव्हत्या आणि रोज येत होत्या. मुलांनी मनातल्या मनात तोलून पाहिलं आणि बाईंना आपलं मानून टाकलं.

रांगेच्या शेवटी असायची ती मोजपट्टी. हे तिचं वर्गातलं नाव. उंच, काटकुळी, आणि हाताच्या बोटांनी सगळं मापणारी. दोन डोळ्यांतलं अंतर, दाराची उंची, भाकरीचा अर्धा भाग. तान्ही असताना बालगृहात आलेली. त्याआधीचं तिला काही नव्हतं. वर्गात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. केसांच्या कडा कापायच्या म्हणजे भल्याभल्यांची बोबडी वळते. ही एकेक केस सोडवून आणायची. आणि याच महिन्याच्या अखेरीस ती अठरा वर्षांची होत होती. म्हणजे पिशवी भरायची आणि बालगृहातून बाहेर.

"कुठे जाणार गं?" बुटक्याने विचारलं.

"बाहेर," ती म्हणाली. यापुढचं तिला मोजता येत नव्हतं.

मालकांना हे कळलं. ते वर्गाच्या दारात येऊन ओरडले, "हे बघ, मला एक हात हवाय. बाईंचे डोळे थकले. पुढचं जोडणीचं काम येईल ते तू करायचंस, एकटीने, बाईंनी माउसला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाने फोटो घेतला तर इथे नोकरी, आणि वर माझ्या थोरल्या बहिणीकडे राहायला खोली. तिला सोबत हवीच आहे, मी सोडून कुणाचीही. नाही घेतला, तर मग मी तरी काय करू, सांग!"

मोजपट्टीने बाईंकडे पाहिलं.

"बरं," बाई म्हणाल्या.

काम आलं ते इस्त्रीवाल्या मावशींचं. चौकातल्या खोपटात आयुष्यभर लोकांचे कपडे कडक करून दिलेली बाई. उजव्या मनगटावर भाजल्याचे डाग. धाकट्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याचा मोठा फोटो होता: मधोमध खुर्चीवर मावशी, शेजारी उभे नवरा-नवरी, मागे काका, आत्या, चुलत भावंडं. थोरला मुलगा ट्रक चालवायचा. तो घाटात अपघातात गेला, धाकट्याच्या लग्नाच्या आधीच. त्याचा ट्रकपाशी उभा राहून काढलेला एक फोटो त्यांनी पिशवीतून काढला, कपडा ठेवावा तसा टेबलावर ठेवला आणि सवयीने त्यावरून तळवा फिरवला.

"याला आमच्यात घ्या," त्या म्हणाल्या. "घाई नाही. म्हणजे, आहे."

मोजपट्टीने दोन दुपारी काम केलं. तिसऱ्या दुपारी ती बाजूला सरकली आणि वर्ग पडद्याभोवती गोळा झाला. अर्थात उंचीप्रमाणे.

"एक नंबर!" बुटका म्हणाला. "कुठे जोडलाय तेच कळत नाही."

खरंच कळत नव्हतं. उजेड त्याच बाजूचा, सावली बरोबर पायाशी, रंगाचा दाणासुद्धा जुळवलेला. थोरला मुलगा मागच्या ओळीत, काका आणि चुलतभावाच्या मधे उभा होता. ट्रकवर टेकलेला हात तिने कापून काढला होता आणि दोन्ही हात मांडीलगत सरळ खाली सोडले होते. आठ पोरांनी तो फोटो पाहिला आणि आठांनाही त्यात काही चूक दिसली नाही.

बाई पडद्याजवळ वाकल्या. "याची आई कोणती?"

मोजपट्टीने खुर्चीवर बोट ठेवलं.

"मग हा इतका लांब कसा?"

"उंचीने तिथेच येतो ना, बाई. काकापेक्षा दोन बोटं उंच, भावापेक्षा एक बोट बुटका. मी मोजलंय."

"घरात उंचीने उभे राहत नाहीत."

आठही चेहरे बाईंकडे वळले. मोजपट्टीने अगदी सरळ विचारलं, "मग कशाने राहतात?"

बाईंनी तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात शेकडो कुटुंबं त्यांनी पडद्यावर मांडली होती. आता उत्तर द्यायला गेल्या तर जिभेवर काही आलं नाही. पाठ असलेला प्रवेश ऐन वेळी विसरावा आणि विंगेतून कुणी शब्दही पुरवू नये, तशा त्या उभ्या राहिल्या.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी यजमान पाटावर एक घड्याळ उघडून बसले होते. बाईंनी चप्पल काढता काढता विचारलं, "अहो, माणसं फोटोत कशाने उभी राहतात?"

"पायांनी," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी बायकोने आपण होऊन प्रश्न विचारला होता. डोळ्यावरचं भिंग काढायचं ते विसरले. "कोण विचारतंय?"

"वर्गातली मुलगी. तिला घर कसं उभं राहतं ते माहीत नाही. नोकरी जाईल तिची."

"मग आण तिला इकडे! घर काय फळ्यावर शिकवतात?"

वॉर्डनबाईंची परवानगी काढून मोजपट्टी दुसऱ्या दिवशी वर्गानंतर घरी आली. दारात चपला काढून तिने त्या भिंतीलगत, मापाप्रमाणे लावल्या. बाईंच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या मोठ्या, मग बाईंच्या, मग स्वतःच्या.

"ये पोरी," काका म्हणाले. "कशाने उभी राहतात ते विचारतेस ना? ऐक. भांडणाने! माझ्या भावाच्या लग्नात दोघी वहिनींचं बोलणं बंद. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मधे आम्ही पंचवीस माणसं, दोन खांबांमधे धुणं वाळत घालावं तशी. आमची आत्या बुटकी, पण जिथे कॅमेरा तिथे पुढे. तिच्या मागे तीन भाच्यांची आयुष्यं गेली, एकाही फोटोत तोंड नाही बिचाऱ्यांचं. मामाला काकांच्या शेजारी उभं राहायचं नसायचं, कारण काका फोटोच्या वेळी त्याचं पोट दाबायचे. मापं कुठली गं! आतड्याने, नाहीतर आकसाने."

मोजपट्टी हसली आणि लगेच गंभीर झाली. "पण मग मला कसं कळणार, काका? इस्त्रीवाल्या मावशींकडे कोण कुणावर रुसलंय?"

"त्याला नियम आहे," बाई म्हणाल्या. "हात खांद्यावर ठेवायचा. मुलगा आईच्या मागे, हात आईच्या खांद्यावर. सगळ्यांना चालतो. माझ्या मशीनवर 'हात' म्हणून फाइल आहे, त्यातला घे."

मोजपट्टी हळूच म्हणाली, "घेतला होता, बाई. परवा. पण लावला नाही. जुन्या जोडण्या पण उघडून पाहिल्या मी, सरावासाठी. वकिलांचे वडील. डेअरीवाल्यांचा भाऊ. त्या शाळेतल्या सरांचे आजोबा. बाई, सगळ्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी एकच तीळ आहे."

घड्याळं टिकटिकत होती. बाईंनी वळून नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. काकांनी तो हात उचलून दिव्यासमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ.

पहिल्या जोडणीच्या वेळी पुरुषाचा हात मिळेना, तेव्हा बाईंनी यजमानांना स्टुडिओत बोलावून, घड्याळ काढायला लावून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढला होता. तोच हात पुढे गोरा करून, सावळा करून, सुरकुत्या घालून, काढून, गावातल्या मेलेल्या पुरुषांना बसवला. सगळं बदललं. तीळ ठेवला. नियमच होता तसा. तीळ काढायचा नाही.

"म्हणजे," काका म्हणाले, "अर्ध्या गावाच्या खांद्यावर माझा हात आहे? आणि मला कुणी साधा नमस्कार करत नाही!" ते इतके हसले की पाटावरचा एक बारीक स्क्रू उडून कुठे गेला ते पुढे आठवडाभर सापडला नाही.

बाई हसल्या नाहीत. चूक सापडली, एवढंच त्यांना कळलं, टोचली नाही.

"आमच्याकडे सगळ्यांना एकसारखे स्वेटर येतात," मोजपट्टी म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. सारखेपणा पाहिला की तिला तेच आठवायचं.

बाई उठल्या. कपाटाच्या तळाच्या खणातून त्यांनी एक खोका काढला आणि पोरीसमोर ठेवला. काकांचं हसू जागच्या जागी थांबलं. तो खोका लेक गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. आत फोटो. एक सोडून प्रत्येकात दोघंच, तिसरं कॅमेऱ्यामागे. गावाची घरं जोडणाऱ्या बाईच्या घरात तिघांचा एकही फोटो नव्हता. लेक लहान, लेक मोठी. आणि बाईंबरोबरच्या प्रत्येक फोटोत तिने आईचं कोपर चिमटीत धरलेलं.

"हिने असं का धरलंय?"

"बाजारात एकदा हात सुटला होता, लहान असताना," बाई म्हणाल्या, कुणाला पत्ता सांगावा अशा आवाजात. "तेव्हापासून कोपर धरायची. मोठी झाल्यावरही. मला वाटतं, शेवटी मला चिडवायला."

मोजपट्टीने खोक्यातला सगळ्यांत खालचा फोटो काढला. बसथांब्यावर लेक एकटी, उन्हाने डोळे बारीक केलेले, तोंड काही बोलताना अर्धवट उघडं. मैत्रिणीने काढलेला. शेजारी बाकाची जागा रिकामी.

"हे मला मोजून कळलं नसतं," ती म्हणाली. "कोपराचं. हे विचारावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी चौकातल्या खोपटात गेली. बाई सोबत होत्या, पण दोन पावलं मागे. इस्त्रीवाल्या मावशी कुणाचा तरी शर्ट दाबत होत्या, धाकटा मुलगा गठ्ठे बांधत होता.

"मावशी, थोरले दादा फोटोत कुठे उभे राहायचे?"

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "फोटोत? थांब हं. कुठे बरं..."

"आई, तुझ्या मागे," धाकटा म्हणाला. "नेहमी. आणि तुझ्या डोक्यामागे..." त्याने दोन बोटं वर केली. शिंगं.

"हो!" मावशी उसळल्या. "सगळे फोटो नासवले त्याने माझे! मेला कधी सरळ म्हणून..."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी स्वतःच तो ऐकला. आयुष्यभर दिवसातून दहा वेळा प्रेमाने घातलेली शिवी. खोपटात गरम कापडाचा वास होता. धाकट्याने गठ्ठ्याची गाठ उगीच पुन्हा सोडली आणि बांधली.

मोजपट्टीला अशा वेळी काय करतात ते माहीत नव्हतं, म्हणून ती कामाचं बोलली. "दादा, तुमचा हात लागेल. आजच्या आज."

धाकटा स्टुडिओत आला, दोन बोटं वर करून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, आणि त्याचा हात थोरल्याला बसला. पडद्यावर ते पाहून मालकांनी कपाळावर हात मारला. "लग्नाच्या फोटोत शिंगं? भिंतीवर लावायचाय तो! अगं, खांद्यावर हात ठेवून मोकळी हो. बाई, सांगा तिला!"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. एक 'बरं' म्हटलं असतं तर खांद्यावर हात आला असता, नोकरी आली असती, वरची खोली आली असती.

"माझा हात एकच आहे," बाई म्हणाल्या. "तो सगळीकडे लावून झाला. तिचं तिला करू द्या."

मोजपट्टीने शिंगं ठेवली. पिशवी तिने सकाळीच भरून ठेवली होती.

मावशी आल्या. सोबत धाकटा, नवी सून. फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्या पाहत राहिल्या. लग्नाच्या त्या फोटोत त्यांचा चेहरा दगडासारखा होता. थोरला मुलगा गेल्यानंतरचा चेहरा तो. आणि मागून थोरला, दोन बोटं वर. मालक दाराशी उभे राहून विनाकारण कॅमेरा पुसत होते. मोजपट्टी मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती, आपल्या जागी, शेवटी.

"यात मला कळलेलं दिसत नाही," मावशी अखेर म्हणाल्या.

"काय, आई?"

"हा मागे काय करतोय ते. मला कधीच कळायचं नाही. फोटो हातात आल्यावर कळायचं." त्यांनी चष्मा सारखा केला, अजून जवळून पाहिलं आणि गाल फुगवून, जुन्या रागाने म्हणाल्या, "बघ कसा उभाय! गाढव!" आणि फोटोवरून तळवा फिरवून त्यांनी तो पिशवीत घातला.

मालक ओरडले, "उद्या नवाला यायचं! पाच मिनिटं उशीर चालणार नाही!" आणि घाईघाईने आत निघून गेले. नाक शिंकरायचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बरंबाईंना त्या दिवशी काय वाटलं? बघणाऱ्यांनी पुष्कळ शोधलं, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, बाकं सारखी केली, घरी गेल्या. चहा गार होता. प्यायल्या.

महिना संपला. मोजपट्टीने पिशवी उचलली आणि स्टुडिओचा जिना चढून मालकांच्या बहिणीकडे राहायला गेली. पहिले काही दिवस ती बहिणीच्या आणि स्वतःच्या चपला मापाप्रमाणे लावायची, मग बहिणीने एकदा मुद्दाम आपली एक चप्पल दाराबाहेर आणि एक पलंगाखाली टाकली आणि म्हणाली, "आता लाव बघू." तेव्हापासून लावत नाही.

मग एका दुपारी, मुलं यायच्या आधी, बाई मागच्या खोलीत आल्या. एकट्या नव्हत्या, पाठोपाठ यजमान होते, इस्त्री केलेला शर्ट घालून, आणि आश्चर्य म्हणजे गप्प. बाईंनी टेबलावर दोन फोटो ठेवले. एक बसथांब्यावरचा. दुसरा त्या दोघांचा, त्याच सकाळी मालकांनी ओरडत ओरडत काढलेला.

"जोडायचंय," काका म्हणाले.

मोजपट्टीने दोन्ही फोटो पडद्यावर घेतले. जोडणीचा शिरस्ता एकच: गेलेल्याला उचलायचं आणि असलेल्यांत आणायचं. तिने लेकीच्या कडेने बारीक रेघ सुरू केली, केसांपासून. मग ती थांबली. हल्ली ती विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

"बाई, हिला कुठे उभी करू? तुमच्या दोघांच्या मधे?"

बाई पडद्याकडे पाहत होत्या. उन्हाने बारीक झालेले डोळे, अर्धवट उघडं तोंड, शेजारचं रिकामं बाक. बाहेर गल्लीत मुलांची पावलं वाजू लागली, बुटका पुढे. काकांना वाटलं, आता 'बरं' येणार. ते आलं नाही. बाईंनी उजव्या हाताने स्वतःचं डावं कोपर धरलं होतं.

"तिला नको हलवूस," त्या म्हणाल्या. "आम्हाला तिकडे ने."